जादू शिकायलोय, पण लोक खरं मानायलेत! मेंटॅलिझम करणाऱ्यांनो, जरा बोला

पूर्णाकाठचा
नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला. खत-बियाणाच्या दुकानात कामाला आहे. दोन वर्षांपासून फोनवर बघून बघून जादू शिकायलोय. पत्त्यांचे दहा-बारा प्रयोग येतात, नाणं गायब करता येतं, दोरी कापून जोडता येते. सहा महिन्यांपासून मेंटॅलिझमकडं वळलो, म्हणजे मनातला आकडा ओळखणे, चिठ्ठीत लिहिलेलं नाव सांगणे, बंद पाकिटात उत्तर आधीच ठेवणे असलं.

यंदा गणपतीत शेजारच्या गावच्या मंडळानं बोलावलं. पत्त्यांना पोरांनी टाळ्या दिल्या, पण बाया तोंड फिरवून बसल्या. मग एका काकांना म्हणलं, मनातल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठी फाडली, जाळली आणि नाव सांगितलं. ते त्यांच्या वारलेल्या भावाचं नाव निघालं. मांडवात एकदम सामसूम. काकांच्या डोळ्यात पाणी.

कार्यक्रम संपल्यावर दुसरेच एक शेतकरी माझ्या गाडीजवळ आले. साठीच्या पुढचे. दोन बोअर कोरडे गेलेत, तिसरा घ्यायचाय. म्हणले, "लेकरा, तुला दिसतंय तर जागा दाखव. फुकट नको, पैसे देतो." मी घाबरलो. "बघू उद्या-परवा" म्हणून निघून आलो. तीन दिवस झाले, त्यांचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. हे नीट शिकायचं कसं? आणि त्या बाबांना काय सांगू?

जुना_कॅट (जालना)
आधी बाबांचं. आजच फोन करा आणि "मला पाणी दिसत नाही, ती हातचलाखी होती" एवढं सांगून टाका. जितका उशीर कराल तितकं त्यांना वाटेल की पोरगं पैसे वाढवून मागायलंय.

आता शिकण्याचं. मी अठ्ठावीस वर्षं हे करतो. माझा प्रयोग मला "येतो" हे मी केव्हा म्हणतो सांगू? पत्ता खाली पडला, माईक बंद पडला, मधेच कुणी पुढारी आला म्हणून सत्कार सुरू झाला, आणि तरीही परत धागा पकडून शेवट करता आला, तेव्हा. या मापानं मोजलं तर तुमचे दहा-बाराचे तीन राहतील. ते तीनच घ्या आणि वर्षभर करा.

फोनवर शिकणाऱ्यांची अडचण अशी की हात कसा फिरवायचा ते दिसतं, केव्हा फिरवायचा ते दिसत नाही. डबल लिफ्ट, म्हणजे दोन पानं एक म्हणून उचलणं, महिन्याभरात जमतं. पण ती कोणत्या वाक्यावर उचलायची, नजर कुठं ठेवायची, हे जमायला वर्ष लागतं. लोक हसले की त्यांची नजर सैल होते. चलाखी त्या क्षणाला करा. तुम्ही स्वतःच्या हाताकडं बघितलं की अख्खा मांडव तुमच्या हाताकडं बघतो.

स्वतःचं चित्रण करताना फोन एकदा छातीच्या उंचीवर ठेवा आणि एकदा जमिनीवर. गावात पोरं पुढं खाली बसतात, त्यांना तळहात खालून दिसतो. आरशात हे कधीच कळत नाही. आरशाची दुसरी खोड अशी की चलाखीच्या क्षणी आपले डोळे आपोआप मिटतात, त्यामुळं चूक आपल्यालाच दिसत नाही. चित्रणात ती सापडते.

आणखी एक, पुस्तकात न सापडणारं. आपल्याकडं पारावर कार्यक्रम ठेवला की चारी बाजूंनी माणसं बसतात. पाठीमागून सगळं दिसतं. मी आधी जाऊन देवळाची भिंत नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली बघून ठेवतो आणि तिला पाठ लावून उभा राहतो. मंडळाला आधीच सांगायचं, पाठीमागं कुणी बसणार नाही. हे सांगायला लाजायचं नाही.

बायांनी तोंड का फिरवलं ते तर उघड आहे. आपल्या भागात पत्त्यांचा कॅट निघाला की तिर्रट आठवते. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा त्यापायी बुडालेला असतो. मी खेड्यात कॅट काढणं बंद केलं. नाणी, दोरी, बांगड्या, भिंतीवरचं कॅलेंडर. शहरात, कॉलेजात पत्ते.

गणिताचे_सर (लातूर)
कॅलेंडर निघालंच आहे तर माझं देतो. हे मी वर्गात करतो, हातचलाखी काहीच नाही, म्हणून उघड लिहायला हरकत नसावी.

कॅलेंडरच्या कुठल्याही महिन्यात तीन बाय तीनचा चौकोन आखायला सांगा, नऊ तारखा. तुम्ही पाठ करून उभे. फक्त सगळ्यात लहान तारीख विचारा. तिच्यात ८ मिळवा आणि ९ नं गुणा, नऊ तारखांची बेरीज तयार. लहान तारीख ५ असेल तर १३ गुणिले ९, म्हणजे ११७. समोरचा अजून तिसऱ्या तारखेवर असतो.

दुसरा प्रयोग आपल्या मातीतला आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधलेली संख्या, ६१७४. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं परत तेच. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतेच. ३५२४ घेऊ: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पाकिटात ही संख्या आधीच लिहून ठेवलेली असली की झालं भाकीत!

यात दोन ठिकाणी घात होतो. एक, शून्य गाळलं जातं. ०९९९ आलं तर ते चार अंकीच धरायचं, नाहीतर सगळं कोसळतं. दोन, मुलं वजाबाकी चुकतात. म्हणून मी एकेका फळ्याजवळ दोघांना उभं करतो, म्हणजे एकमेकांचं तपासतात.

तिसरा थोडा पाठ करावा लागतो. कुणाचं तरी वय विचारा, ३४ किंवा त्यापुढचं. त्या संख्येला न म्हणू. चार ओळी अशा लिहायच्या:
८, ११, न वजा २०, १
न वजा २१, २, ७, १२
३, न वजा १८, ९, ६
१०, ५, ४, न वजा १९
आडवी, उभी, तिरकी, कशीही बेरीज करा, वयच येतं. वय ३४ च असेल तर १ ते १६ हे सगळे आकडे एकेकदा येतात. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातल्या चौतीसा यंत्राची बेरीजही ३४ च आहे. नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या गणितकौमुदीत तर अशा चौकोनांच्या गणितावर, म्हणजे भद्रगणितावर, अख्खं प्रकरण आहे. एखाद्या आजोबांच्या पंचाहत्तरीला हा चौकोन करून, फ्रेम करून द्या, बघा काय होतं. ते तो भिंतीवर लावतात.

उदगीरची_ताई
मी बाई माणूस, तेव्हा वेगळ्या अडचणी सांगते. शिकवणारे सगळे कोटाच्या खिशात हात घालतात. कुडत्याला खिसाच नसतो! दोन वर्षं मी चरफडले, मग सोडून दिलं आणि आपल्याकडं काय आहे ते बघितलं. पदर. बटवा. बांगड्या. ओटीचं तबक. पदर सावरणं ही बाईची रोजची हालचाल, तिच्याकडं कुणीही संशयानं बघत नाही. बांगडी दोरीत अडकवणं आणि सोडवणं हा माझा सगळ्यात चालणारा प्रयोग आहे. बांगडी प्रेक्षकातल्याच एखाद्या सासूबाईंच्या हातातली घेते.

पण मेंटॅलिझमबद्दल सांगायलाच हवं असं एक आहे. सुरुवातीला मी टीव्हीवर बघितलेलं तसं करायची: डोळे मिटायचे, श्वास जोरात घ्यायचा, कपाळाला बोट लावायचं, मग आकडा सांगायचा. नवरात्रात एका गावात असं केलं आणि पुढच्या ओळीतल्या दोन बायका उठून आल्या, एकीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, दुसरी पाया पडली. त्यांना वाटलं अंगात आलं. मी थिजून गेले. त्या बाईला तिच्या लेकीबद्दल विचारायचं होतं, सासरहून परत आलेल्या.

तेव्हापासून माझा एकही प्रयोग डोळे मिटून होत नाही. आकडा ओळखायचा तर खडू घेऊन फळ्यावर लिहीत, खोडत, "थांबा, पहिला अंक चुकला वाटतं" असं करत ओळखते. लोकांना गंमत तेवढीच येते आणि देवी मधे येत नाही.

पूर्णाकाठचा, तुम्ही "मनातल्या माणसाचं नाव लिहा" म्हणालात तिथंच गाडी घसरली. असं म्हटल्यावर माणसाला गेलेलंच माणूस आठवतं. "शाळेत तुमच्या बाकावर बसणाऱ्या दोस्ताचं नाव लिहा" म्हणा. चिठ्ठी तीच, फाडणं तेच. पण नाव ओळखल्यावर काका हसतील आणि त्या दोस्ताच्या दोन खोड्या सांगतील.

भेद_राखा
सर, ताई, राग मानू नका, पण इथं सगळं उघडं करत बसलात तर उद्या प्रयोग कुणाला दाखवणार? पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घरात तिसरी पिढी जादू करते. ती परंपरा भेद राखला म्हणून टिकली. गणिताचं ठीक आहे. पण चिठ्ठी कशी वाचली हे कुणी लिहिणार असेल तर मी हा धागा बंद करायला सांगणार.

विवेकी_नांदेड
मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात पंधरा वर्षं चमत्कार करून दाखवतो आणि लगेच त्यामागचं कारण सांगतो. जिभेवर कापूर पेटवणं, हातातून अंगारा काढणं, मंत्रानं अग्नी पेटवणं. तो अग्नी म्हणजे पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब, दुसरं काही नाही. माळेगावच्या जत्रेत नाहीतर आठवडी बाजारात जो भोंदू हे करून बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरवून घेतो, त्याचा भेद राखून कुणाचं भलं होतं?

कायद्याचंही लक्षात घ्या. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्कार केल्याचं दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. करमणुकीची जादू त्यात येत नाही. पण पूर्णाकाठचा, तुम्ही त्या शेतात जाऊन जागा दाखवून पैसे घेतले असते तर तुम्ही जादूगार राहिला नसतात.

जुना_कॅट (जालना)
भेद_राखा, तुमची तळमळ मला समजते. विवेकींचीही. मी असं करतो: जो खेळ "हा खेळ आहे" म्हणून दाखवला त्याचा भेद माझ्याजवळ राहतो. जो प्रकार कुणीतरी दैवी म्हणून खपवतोय, त्याचा भेद कुणीही विचारला तरी सांगतो. चिठ्ठीचा भेद इथं नको. ज्याला हवा त्यानं मेहनत करावी, टोनी कोरिंडाचं इंग्रजी पुस्तक मिळवावं. त्यात मेंटॅलिझमच्या तेरा पायऱ्या आहेत, एकेका पायरीला एकेक विषय: चिठ्ठ्या, भाकितं, डोळ्यावर पट्टी, पुस्तकातला शब्द, दोघांमधला निरोप. इंग्रजी जड जातं हे मान्य. रोज एक पान, शेजारी डिक्शनरी. मी तसंच वाचलं, दीड वर्ष लागलं.

पण मला खटकतं ते दुसरंच. हल्ली मेंटॅलिझम करणारे म्हणतात, "यात दैवी काही नाही, मी तुमच्या चेहऱ्यावरून, डोळ्यांवरून वाचतो, हे मानसशास्त्र आहे." आणि प्रत्यक्षात काय, तर चिठ्ठी फाडताना बघितलेली असते! मग एखादा पोरगा "माइंड रीडिंग"च्या क्लासला बापाचे पैसे भरतो. मी सरळ सांगतो: "थोडं गणित आहे, थोडी हातचलाखी आहे, थोडं तुमच्याकडं बघणं आहे. कोणतं कुठं, ते सांगणार नाही." आजवर या वाक्यानं एकही टाळी कमी झालेली नाही.

जमूरा_होतो (बीड)
सगळं वाचलं. लहानपणी मी काकाचा जमूरा होतो. बाजारात चादर अंथरायची, माझ्या डोळ्यावर काळी पट्टी, अंगावर चादर. काका गर्दीत फिरायचा. "जमूरे, साहेबाच्या हातात काय?" "घड्याळ." "बरं, सांग, किती वाजले?" मी मिनिटासकट सांगायचो.

भेद काकाच्या शब्दात असायचा हे आता सगळ्यांना माहीत आहे. "सांग", "बोल", "बरं", "लवकर", "हां", एकेका शब्दाला एकेक आकडा. घड्याळ, नोट, रुमाल, चष्मा यांची विचारायची रीत वेगवेगळी. सात वर्षांचा होतो तेव्हा रोज पहाटे तास-तास घोकून घ्यायचा. चुकलं की परत पहिल्यापासून. युरोप-अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी झॅन्झिग नावाचं जोडपं हेच करून मोठमोठ्या थिएटरात गाजलं, हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला तेव्हा त्याला मेंटॅलिझम म्हणतात हेही माहीत नव्हतं. दिवसाकाठी पीठ-मीठ सुटायचं.

शिकणाऱ्यांना एक विनंती. बाजारात असा कुणी दिसला तर पाच मिनिटं उभं राहा. गर्दी जमवायची कशी, हलू द्यायची नाही कशी, पैसे केव्हा मागायचे, हे फोनमध्ये मिळणार नाही. आणि त्याच्या चादरीवर काहीतरी टाकून या.

पाणाड्याचा_नातू (धाराशिव)
मी एरवी फक्त वाचत असतो, आज लिहितो. माझे आजोबा पाणाडी होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात चालायचे. पाण्याच्या जागी नारळ उभा राहायचा. आजोबा खोटं बोलणारे नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की नारळ आपोआप उभा राहतो. पैसे घेत नव्हते, नारळ तेवढा घरी आणायचे.

कॉलेजात असताना मी लोलकाबद्दल वाचलं. दोऱ्याला अंगठी बांधून धरा, कोपर टेबलावर टेका, आणि मनात नुसतं "पुढं-मागं" म्हणा. हात हलवायचा नाही. थोड्या वेळानं अंगठी पुढं-मागं झुलायला लागते. शेव्रल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८३३ साली यावर लिहिलं, कारण त्याचा स्वतःचाच लोलक हलायचा, आणि डोळे झाकले की थांबायचा. पुढं १८५२ साली कारपेंटरनं याला नाव दिलं, आयडिओमोटर. मनात आलं की स्नायू आपल्या नकळत तेवढंसं हलतात. नारळ तळहातावर असाच तोललेला असतो, बोटं गव्हाभर वाकली तरी तो उभा राहतो. आजोबांना जिथं हिरवळ दिसायची, औदुंबर दिसायचा, उतार दिसायचा, तिथं त्यांचं मन आधी उभं राहायचं. नारळ नंतर.

मेंटॅलिझम शिकणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. घरात किल्ली लपवायला सांगा. लपवणाऱ्याचं मनगट हलकं धरा, त्याला म्हणा, मनातल्या मनात मला दिशा सांग. बरोबर दिशेला हात सैल येतो, चुकीच्या दिशेला किंचित अडतो. पंधरा-वीस दिवस रोज करा. हे खरंखुरं येतं, यात चिठ्ठी नाही, कॅट नाही. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकी करायचा. १९०७ साली फुंग्स्टनं दाखवून दिलं की तो विचारणाऱ्याच्या मानेची बारीक हालचाल बघून खूर आपटणं थांबवायचा. आपला नंदीबैलवाला "पाऊस पडेल का रे?" विचारतो आणि बैल मान हलवतो, तेव्हा बैल कुणाकडं बघतो ते यापुढं बघा.

आणि त्या बाबांना फोनवर सांगू नका. त्यांच्या शेतात जा. नारळ घेऊन जा.

उदगीरची_ताई
हे वाचून अंगावर काटा आला. पूर्णाकाठचा, खरंच जा.

पूर्णाकाठचा
उशीर झाला, माफ करा. मधे रब्बीच्या बियाणाची घाई होती.

गेल्या रविवारी गेलो. आधी माफी मागितली, फोन न उचलल्याबद्दल. मग बांधावर बसून तोच चिठ्ठीचा प्रयोग परत केला, आणि या वेळी भेद_राखा यांची क्षमा मागून, त्यांना एकट्याला सगळा उलगडून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. म्हणले, "मग त्या दिवशी माझ्या दोस्ताच्या भावाचं नाव..." मी म्हणलं, कागदावर होतं, बाबा. भाऊ बोलला नाही.

मग नारळ काढला. ते म्हणले, आमच्या हातात पण उभा राहतो. त्यांनाच चालायला सांगितलं. तीन ठिकाणी उभा राहिला, आम्ही तिथं दगड ठेवले. नंतर त्यांच्या नातवानं त्यांच्या डोळ्यावर उपरणं बांधलं, गोल फिरवलं आणि हाताला धरून परत त्याच शेतातून नेलं. नारळ परत उभा राहिला, पाच ठिकाणी. एकही जुन्या दगडाजवळ नाही. एक तर त्यांच्याच कोरड्या बोअरपासून चार पावलांवर.

बाबांनी उपरणं सोडून दगड बघितले. हसले नाहीत, चिडले नाहीत. एकेक दगड उचलून बांधावर टाकला आणि विचारलं, "मग आता बोअर कुठं घेऊ?" मला उत्तर नव्हतं. आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी भेगांत असतं, भेग कुठं आहे ते वरून कसं दिसणार. मी म्हणलं, परभणीला भूजल सर्वेक्षणाचं ऑफिस आहे, मी सोबत येतो. येत्या मंगळवारी जायलोय. पाणी लागंल का नाही ते सांगता येत नाही.

शिकण्याचं म्हणाल तर तीन प्रयोग धरलेत: कापरेकरांचं भाकीत, दोरी, आणि बाकावरच्या दोस्ताचं नाव. किल्लीचा सराव बहिणीबरोबर रोज चालू आहे, दहात सहा-सात वेळा सापडायलीय. फोन जमिनीवर ठेवून चित्रण केलं तर नाणं सगळंच दिसत होतं, म्हणून नाणं तूर्त बंद.

चिठ्ठीत एक अडचण आहे. फाडताना कधी मधूनच वेडीवाकडी फाटते आणि हवा तो तुकडा हातात येत नाही. कशामुळं?

जुना_कॅट (जालना)
कागदाला धागा असतो. एका दिशेनं सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेनं आडवातिडवा जातो. प्रत्येक नव्या वहीचं एक पान दोन्ही बाजूंनी फाडून बघा आणि सरळ फाटणारी बाजू कोणती ते पेन्सिलीनं मागं खूण करून ठेवा. चिठ्ठ्या त्या मापानंच कापा.

मंगळवारी काय झालं ते इथं लिहा.